ऐकून घेणारे साहेब

साहेबांनी आईला खुर्ची दिली, याची मला लाज वाटली. आईला मात्र त्याचं इतकं अप्रूप वाटलं होतं, की कारखान्यातून घरी येईपर्यंत वाटेत भेटेल तिला ती ते सांगत आली. मी रेशनच्या दुकानातून घरी पोहोचलो तेव्हा आमच्या चाळीतल्या बायका मला बघून हसत होत्या.

आमच्या जिल्ह्यातल्या कालव्याच्या भागात हा साखर कारखाना होता. आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. तिकडे पाणी नाही म्हणून आई-वडील ऊस तोडायला इकडे आले आणि वडील गेल्यावर आई इथंच राहिली. ती बारदानाच्या शेडमध्ये कामाला होती. बारदान म्हणजे साखरेची रिकामी पोती. लढाईच्या दिवसांत नवी पोती मिळेनाशी झाली, तेव्हा फाटकी पोती शिवून पुन्हा वापरायची म्हणून कंपनीनं ही शेड काढली. तिथं सगळ्या बायकाच. त्या दोघी-दोघी समोरासमोर बसत. एक पोतं दोघींच्या मांडीवर पसरलेलं असे. एकीनं आत हात घालून भोक ताणून धरायचं, दुसरीनं दाभणात सुतळी ओवून टाके घालायचे. ही रीत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. गावाकडं गोधडी अशीच शिवतात, म्हणून त्यांनी पोतीही तशीच शिवायला घेतली. आईची जोडीदारीण तिच्याहून बरीच लहान होती. ती आईला आक्का म्हणायची, आणि तिच्या तोंडाला लगाम नव्हता.

मी पत्रकांवर वाढलो. आमच्या मास्तरांनी बेचाळीस साली मला पहिलं चोरटं पत्रक वाचायला दिलं आणि त्यानंतर मी पाठ्यपुस्तक फारसं उघडलं नाही. मॅट्रिक कसाबसा झालो. दिवसा रेशनच्या दुकानात ज्वारी मापायची आणि संध्याकाळी युनियनच्या खोलीत बसायचं, असं माझं चाललं होतं. आमचे पुढारी नगरहून येत. वकिली सोडून दिलेला माणूस. ते येताना पुस्तिका आणत, आणि मी त्या वाचून सोप्या मराठीत कामगारांना सांगत असे.

त्या हंगामात मी जे व्याख्यान दिलं त्याचा विषय होता ‘मालकांचं शास्त्र’. मालक कामगाराकडून काम करवून घेतो त्यालाही आता शास्त्र झालं आहे, त्यावर विलायतेत आणि अमेरिकेत ग्रंथ लिहिले जातात, ही गोष्ट मला पुस्तिकेतून कळली होती आणि तिनं मी पेटलो होतो. शास्त्र समजावून सांगायला मला लांबची उदाहरणं शोधावी लागली नाहीत. बारदानाच्या शेडवर आजवर तीन साहेब आले होते, आणि ते तिघं पुस्तिकेतल्या तीन प्रकरणांसारखे ओळीनं आले होते.

पहिला साहेब ओरडणारा. त्याच्या शास्त्राला ग्रंथ लागत नव्हता. दाराशी उभं राहायचं, शिव्या द्यायच्या, उशीर झाला की दिवस कापायचा.

दुसरा मुंबईहून आला. त्याच्या गळ्यात दोरीनं बांधलेलं घड्याळ होतं. अमेरिकेत पोलादाच्या कारखान्यात कुणा इंजिनिअरनं असं ठरवलं, की कोणतंही काम करायची सगळ्यात चांगली तऱ्हा एकच असते, आणि ती हात चालवणाऱ्याला ठाऊक नसते, घड्याळ धरणाऱ्याला असते. या साहेबाला ते पाठ होतं. तो एकेका बाईसमोर उभा राहून घड्याळ दाबायचा. आईची जोडीदारीण म्हणाली, “नाडी बघतुया जनू. आक्का, इचार की त्याला, जित्ती हायेस का गेलीस!” त्याच्या घड्याळाला असं दिसलं की समोरासमोर बसल्यानं बायका बोलतात आणि बोलल्यानं वेळ जातो. त्यानं जोड्या मोडल्या. प्रत्येकीनं आपलं पोतं आपल्या मांडीवर घेऊन एकाच दिशेला तोंड करून बसायचं, शाळेतल्या पोरांसारखं. मग काम वाढायच्या ऐवजी उतरलं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण सगळ्या जणी सारख्याच सावकाश शिवू लागल्या आणि शिवलेली पोती साखर भरताना उसवू लागली. साहेब घड्याळासकट परत गेला. त्यानं काढलेला हुकूम मात्र तसाच राहिला. बायका एका ओळीत बसून अर्ध्या वळून एकमेकींना हात देत.

तिसरा साहेब त्या हंगामात नुकताच आला होता. त्याला लेबर ऑफिसर म्हणत. पुण्याचा, तरुण, चष्म्यातला, बारीक आवाजाचा. त्याचं शास्त्र सगळ्यात नवं होतं. अमेरिकेतच पुढे कुणाला तरी असं आढळलं होतं, की माणूस पगारापुरता किंवा धाकापुरता काम करत नाही, तो आपल्या चार माणसांत राहून काम करतो, आणि त्याचं कुणी ऐकून घेतलं तर जास्त काम करतो. म्हणून आता साहेबानं एकेकाला बोलवायचं, बसवायचं आणि बोलू द्यायचं. वाद घालायचा नाही, उपदेश करायचा नाही. समोरचा गप्प राहिला तर फक्त म्हणायचं, ‘आणखी?’

“चाबूक झाला, घड्याळ झालं, आता चहा आलाय!” असं मी व्याख्यानात म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. “चाबकाचा वळ तरी दिसतो. हा साहेब तुमचा राग कानानं पिऊन टाकील आणि तुम्हाला कळणारही नाही!” पुढाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्याच आठवड्यात आईला बोलावणं आलं.

“बस म्हनला,” आई सांगत होती. “मी भुईवर बसाया लागले, तर म्हनला, खाली न्हाई, हितं बसा. खुर्चीवर. पाय टेकंनात रं माझं.”

“काय विचारलं त्यानं?”

“कायबी न्हाई. बोला म्हनला.”

“आणि तू?”

“बोलले की.”

“काय बोललीस?”

“लई.”

जोडीदारीण दारात टेकून उभी होती. “लई म्हंजी किती इचारा! दार सताड उघडं, शिपायाला लांब लिंबाखाली बसीवलेला. त्यो शिपाई पेंगला, जागा झाला, पुन्यांदा पेंगला. आक्काचं आपलं चालूच!”

आई हसली. मी कितीतरी दिवसांत तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते मला आवडलं नाही. मी तिला माझं व्याख्यान पुन्हा ऐकवलं. ती ज्वारी निवडत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, “आसंल बाबा. पर ऐकून घेतलं त्यानं.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं कुठून तरी कोवळा हुरडा मिळवला, नवसाच्या शेरणीसारखा फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. साहेबाच्या बंगल्यावर नेऊन द्यायचा. बाईमाणसानं जाणं बरं दिसत नाही, म्हणून मी.

“मी नाही जाणार,” मी म्हणालो. “हे तो कंपनीच्या पगारात करतो. त्याला हुरडा कशाला?”

“पगार कंपनीचा, कान त्याचं हायेत न्हवं? आपलं रडगानं कुनाच्या दारात फुकाट टाकून येऊ ने. कुनी आपलं दुख ऐकलं, तर त्याच्या घरला रिकाम्या हातानं राहू ने.”

गावाकडं ही रीतच होती. दुखवट्याला कुणी येऊन बसलं, तुमचं रडणं ऐकून घेतलं, तर पुढे कधीतरी त्याच्या घरी काहीतरी पोचवायचं. नाहीतर ते दुःख त्याच्या घरात राहतं, असं म्हणत. आईनं ती रीत अमेरिकेच्या शास्त्राला लावली.

मी गेलो. माझ्या सदऱ्याच्या खिशात त्याच साहेबाविरुद्ध लिहिलेल्या पत्रकाचा कच्चा खर्डा होता आणि हातात हुरडा. साहेब व्हरांड्यात बसले होते. कुणी पाठवलं ते सांगितल्यावर ते गोंधळून उभेच राहिले.

“मला हे घेता येणार नाही हो.”

“मग परत नेतो.”

“नको, नको. बाईंना काय वाटेल?”

“त्यांनाच विचारा. तुम्हाला विचारायची सवय आहे.”

मी हे लागावं म्हणून बोललो होतो, पण ते खरोखर हसले आणि त्यांनी हुरडा घेतला. परत येताना मी रस्ता सोडून उसाच्या कडेकडेनं आलो, कारण युनियनचं कुणी भेटू नये.

मग बाकीच्या बायकांकडूनही गोष्टी जाऊ लागल्या. शेंगा, कैरीचं लोणचं, गुळाचा खडा. साहेबांच्या व्हरांड्यात फडकी आणि वाडगी साठली. आणि दुसऱ्यांदा बोलावणी आली तेव्हा एक भलतीच गोष्ट घडली. बायका खुर्चीवर बसून म्हणू लागल्या, “आमचं झालं मागल्या खेपंला. आता तुमचं सांगा.” साहेबांना त्यांच्या ग्रंथात याचं उत्तर सापडलं नसावं. पहिले काही दिवस त्यांनी टाळलं. नंतर ते थोडं थोडं बोलू लागले. बायको पुण्याला माहेरी आहे, तिला हा उसाचा मुलूख मानवत नाही, पत्राला उत्तर येत नाही. शेडमध्ये दुपारच्या सुट्टीत याची चर्चा होई.

“आमाला वाटायचं सायेब लोकांस्नी दुखं नसत्यात,” जोडीदारीण म्हणाली. “असत्यात की! पर तीबी इंग्रजीत.”

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र खरी झाली. साहेबांनी वर लिहून बायकांच्या जोड्या परत लावून दिल्या. शेडच्या सावलीत पाण्याचा रांजण आला. बायका समोरासमोर बसल्या, बोलू लागल्या, आणि काम वाढलं. पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच सगळं झालं, पण त्यामुळे त्या बायका सुखी होतील असं पुस्तिकेत म्हटलं नव्हतं.

युनियनच्या खोलीत मला तोंड दाखवणं अवघड झालं. “यांच्याकडून हुरडा जातो बरं का बंगल्यावर,” असं कुणीतरी म्हणे आणि बाकीचे खाली मान घालून हसत. पुढारी हसत नसत, पण एकदा शांतपणे म्हणाले, “तुमच्या मातोश्रींना समजावता येत नसेल, तर शेडला कोण समजावणार?”

ते घाईवर आले होते, कारण लढाई संपून नवी पोती येऊ लागली होती. शेडमधल्या निम्म्या बायका कमी होणार, असं सगळीकडं बोललं जात होतं. संप करायचा तर हंगाम चालू असतानाच करायला हवा होता. पण शेड हलत नव्हती. मी शेडकडे गेलो की बायका बोलायच्या थांबत. त्यांना काहीतरी ठाऊक होतं आणि ते मला सांगायचं नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. शेडबाहेर कुणालाच नाही, आणि मला तर नाहीच. माझी आईही त्यात होती.

एका रविवारी ती उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती तेव्हा मी तिला गाठलं.

“एका खुर्चीवर विकल्या गेलात तुम्ही सगळ्या,” मी म्हणालो. “निम्म्या जणी घरी बसणार आहेत, आणि तुम्हाला साहेबाची बायको माहेरी असल्याचं पडलंय!”

“वरडू नको. मला सगळं ठावं हाय.”

“काय ठाऊक आहे?”

ती थोडा वेळ बोटांनी दाणे सरकवत राहिली. मग तिनं सांगितलं. वरून साहेबांकडे कमी करायला म्हणून कामात कच्च्या बायकांची नावं मागितली होती. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंय, तेव्हा कुणाला काय दुखणं आहे, कुणाच्या अंगावर पोर आहे, कुणाचा हात चालत नाही, हे तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच सांगा, असं वरच्यांनी लिहिलं होतं. साहेबांनी हे आईला सांगितलं, तिची खुर्चीवर बसायची पाळी होती तेव्हा.

“मंग मीच म्हनले, सायेब, माझं नाव घाला. दुसऱ्या कुनाचं हुडकत बसू नगा.”

“तुझं? तू कच्ची कुठून झालीस?”

“मला दिसत न्हाई रं.”

मला आधी कळलंच नाही. ती बोटांच्या टोकांनी खडा चाचपून बाजूला काढत होती. तिचं तोंड रस्त्याकडे होतं. आदल्या वर्षीच्या दिवाळीपासून तिला जवळचं धुरकट आणि लांबचं नुसतं उजेड-सावली असं दिसत होतं. पोत्याचं भोक जोडीदारीण ताणून धरी, ओवून दिलेलं दाभण हातात देई, आणि आई चाचपून टाके घाली. जोड्या मोडल्या तेव्हा म्हणूनच तिला रात्रीची झोप नव्हती. शेडमधल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. साहेबांना तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी ते कुठंही लिहिलं नव्हतं, आणि जोड्या मागून घेतल्या होत्या.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला?” ती हसली नाही, रागावलीही नाही. “तू ऐकलं कवा आसतंस? आनि ऐकलं आसतंस तर लिहिलं आसतंस.”

खरं तर तिनं ‘मला दिसत नाही’ म्हटलं त्याच क्षणी माझ्या डोक्यात एका पत्रकाची पहिली ओळ तयार झाली होती, आणि ती चांगली झाली होती.

मी तिला म्हणालो, नाव मागे घे. ती म्हणाली, बोललेलं मागं घेत न्हाईत. मी म्हणालो, कंपनीला माणूस काढायला मदत करणं म्हणजे द्रोह आहे. ती म्हणाली, “मला आता तसंबी किती दिस शिवता येनार? जोडीदारणीच्या जिवावर बसले हाय. तिनं मला वढायचं आनि घरची पोरंबी वढायची. माझ्या नावानं एकीची चूल ऱ्हाती का न्हाई?” मी पुस्तिकेतला प्रत्येक मुद्दा मांडला. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, “आनखी?” चेष्टेनं नाही, खरंच. मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. त्यांना सोलून काढायचं असं ठरवून गेलो होतो. शिपायानं अडवलं तर त्यालाही ढकलायची तयारी होती. पण तो लिंबाखाली बसला होता आणि त्यानं नुसतंच हातानं ‘जा’ म्हटलं.

“बसा,” साहेब म्हणाले. मी उभा राहिलो. ते वाट बघत राहिले. मग मी बसलो.

“तुम्ही माझ्या आईचं नाव दिलंत.”

“त्यांनी सांगितलं म्हणून दिलं. ते एकच दिलंय. दुसरं कुणाचं मी देणार नाही, असं वर कळवलंय.” मग म्हणाले, “बोला.”

मी बोललो. भांडवल, श्रम, घड्याळ, हुरडा, सगळं. शोषणाची नवी तऱ्हा, दयेच्या नावाखाली हेरगिरी, तुमच्यासारखे सुशिक्षित दलाल. ते मध्ये एकही शब्द बोलले नाहीत. चष्मा काढून हातात धरला होता. माझं संपलं तेव्हा ते म्हणाले, “आणखी?”

आणि मला थांबता आलं नाही. मी सांगू लागलो, की ती ज्वारी निवडायची आणि मी समोर बसून वाचत असायचो. तिच्या भाकरीत मध्येच खडा लागायचा आणि मी चिडायचो. तिनं हे तुम्हाला सांगितलं, मला नाही. वडील गेले तेव्हापासून ती माझ्याशी फक्त जेवायचं बोलते, आणि मला वाटायचं तिला बोलायला दुसरं काही नाहीच. साहेबांनी पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी प्यालो. मग मी उठलो आणि म्हणालो, “आभारी आहे.”

पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं, की मला बरं वाटतंय. छाती मोकळी झाली होती. लिंबाची सावली चांगली वाटत होती. मी शिपायाला रामराम केला. नावं मागण्याचा त्यांना काय अधिकार, ही व्यवस्था तुम्ही नाकारत का नाही, पगार कुणाचा घेता, हे विचारायला गेलो होतो, आणि त्यातलं काहीही पुढं नेलं नव्हतं. आईचं नाव होतं तिथंच होतं. मला मात्र बरं वाटत होतं. ‘हा साहेब तुमचा राग कानानं पिऊन टाकील आणि तुम्हाला कळणारही नाही,’ असं मीच लोकांना ओरडून सांगितलं होतं. मला तर कळतही होतं. कळूनही बरं वाटत होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही, आणि त्या लाजेतही ते बरं वाटणं गेलं नाही.

त्याच संध्याकाळी पाळी सुटताना फाटकाशी सभा होती. मी बोलायला उभा राहिलो. शब्द सगळे पाठ होते, ते मी म्हटले. पण आत काही पेटेना. लोक माना वळवून घराकडं बघू लागले. बायकांच्या घोळक्यातून जोडीदारणीचा आवाज आला, “आज पोराचं पोट बिघडलंय का काय?” लोक हसले आणि सभा मोडली. पुढारी माझ्याशी न बोलता सायकल काढून गेले.

थोड्याच दिवसांत शेडच्या दारावर कागद लागला. कारकुनानं नावं वाचून दाखवली. पहिलं नाव आईचं. त्याच्यापुढं शेडमधल्या निम्म्या बायकांची. साहेबांनी एकच नाव दिलं होतं हे खरं असावं, कारण त्यांना आदल्याच दिवशी मुंबईला बोलावून घेतलं होतं आणि बाकीची नावं वर कुणीतरी आपल्या मनानं काढली होती. ती काढताना कोण कुणासमोर बसते हे बघितलेलं नव्हतं. बहुतेक जोड्यांतली एकेक बाई राहिली होती आणि एकेक गेली होती. आईनं स्वतःहून दिलेल्या नावानं कुणाचीच चूल वाचली नव्हती.

जोडीदारणीचं नाव कागदात नव्हतं. तिला ठेवलं होतं. तिनं पोतं बाजूला केलं आणि कारकुनाला विचारलं, “आन मी कुनासंगट शिवू? तुज्यासंगट?” कारकून म्हणाला, एकटीनं शिवा. ती उठून बाहेर आली. मग दुसरी आली. माझ्या भाषणानं जे झालं नाही ते असं झालं. दुपारपर्यंत शेड रिकामी झाली होती.

त्या संपाचं पुढं काय झालं ते युनियनच्या पत्रकांतून आलेलं आहे. काही बायका परत घेतल्या गेल्या. आईला घेतलं नाही, तिनंही मागितलं नाही. ते साहेब परत आले नाहीत. ती अजून कधीतरी विचारते, त्यांच्या बायकोचं पत्र आलं असेल का.

संपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाकडं निघालो तेव्हा आई म्हणाली, “मलाबी ने.” तिनं माझ्या सदऱ्याची बाही मागून धरली. चाळीतून मोठ्या रस्त्याला यायची वाट खडीची होती. “हितं खड्डा आहे,” मी सांगत होतो. “आता चढ आहे. बैलगाडी येतीय, थांब.” ती जपून पावलं टाकत होती. ती माझ्या इतक्या जवळून शेवटची कधी चालली होती ते मला आठवेना. शेजारपाजारचे लोक दारात उभे राहून बघत होते. तिचं दिसणं गेलं आहे हे त्यांना त्या सकाळी समजलं, आणि तिनं ते समजू दिलं.

फाटकाशी गर्दी होती. पुढाऱ्यांनी आम्हाला येताना पाहिलं. आईनं धरलेली बाही, तिचं वर उचललेलं तोंड, सगळं त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते उजळणं मला ओळखीचं होतं. त्यांनी गर्दीकडं तोंड वळवून हात वर केला. “बंधू-भगिनींनो! ही माता बघा! कंपनीची पोती शिवता शिवता जिचे डोळे...”

“त्याला गप कर,” आई हळूच म्हणाली.

मी तिला जोडीदारणीच्या हाताशी दिलं आणि गर्दीतून पुढं गेलो. पुढारी बोलतच होते. त्यांचा हात धरून मी म्हणालो, “तिचं घेऊ नका. दुसरं काहीही घ्या.”

“अहो, पण हे खरं आहे!” ते म्हणाले.

“खरं आहे. तरी घेऊ नका.”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी एके काळी आईकडं पाहायचो. मग ते पाण्याच्या रांजणाविषयी बोलू लागले. मी जे बोललो ते इतक्या हळू आवाजात, की त्यांच्याशिवाय कुणालाही ऐकू गेलं नाही. आईला तर नाहीच. ते मी मोठ्यानं म्हणायला हवं होतं. पण माझ्याच माणसांसमोर, माझ्याच बाजूच्या माणसाला गप्प करताना माझा आवाज निघेना.